केव्हाही जाता येण्याजोगी ठिकाणे

ज्या कुटुंबाकडे लेखी कार्यक्रम नाही, ते कुटुंब सुट्टीवर निघाले आहे की त्याला घरातून बाहेर काढले आहे, हे तिऱ्हाइताला ओळखता येत नाही. दोन्ही प्रसंगी सामान तेवढेच असते आणि चेहरेही साधारण तसेच असतात. फरक असतो तो कागदाचा. ही गोष्ट आमच्या घराच्या ध्यानात फार लवकर आली, याचा मला रास्त अभिमान आहे.

आमचे गाव श्वाबियाच्या डोंगरात, आल्प्सच्या उत्तरेला. आमच्याकडे पेंटेकॉस्टच्या सणाला शाळा दोन आठवडे बंद असतात. या दोन आठवड्यांत आल्प्स ओलांडून इटलीतल्या गार्डा सरोवरावर जाणे कायद्याने बंधनकारक नाही. पण न जाणाऱ्याकडे शेजारीपाजारी जरा काळजीनेच बघतात. (आमच्या गल्लीतले श्री. ह्यूगले एका वर्षी घरीच राहिले. दुसऱ्या दिवशी पाद्रीबाबा 'सहज इकडून चाललो होतो' म्हणून डोकावून गेले.) वाहतूक कोंडी टाळण्यासाठी आम्ही पहाटे पावणेतीनला निघतो. वाहतूक कोंडी टाळण्यासाठी सगळेच पहाटे पावणेतीनला निघतात. त्यामुळे पूर्वी जी कोंडी घाटात दुपारी बाराला होत असे, ती आता सकाळी सहालाच उरकते आणि पुढचा अख्खा दिवस मोकळा मिळतो.

या मोकळ्या दिवसांचा बंदोबस्त करण्यासाठी अकरा वर्षांपूर्वी कौटुंबिक सहल मंडळाची स्थापना झाली. संस्थापक अध्यक्ष आमचे जावई व्होल्कमार. व्होल्कमार महापालिकेच्या सिग्नल विभागात आहे. लोकांनी कुठे किती वेळ थांबायचे, हे ठरवण्यात त्याची बावीस वर्षे गेली, आणि त्याच्याइतका शांत, सभ्य, कधीही आवाज न चढवणारा माणूस मी पाहिलेला नाही. आवाज चढवण्याची त्याला गरजच पडत नाही. तो कागद काढतो.

माझी मुलगी फ्रीडरून मंडळाची उपाध्यक्ष. औषधे, टोप्या आणि वाटेवरची स्वच्छतागृहे तिच्या अखत्यारीत. नात थेआ, वय सोळा, ही युवा प्रतिनिधी. तिचे मत विचारले जाते, ती 'मला काय त्याचं' म्हणते, आणि ते नोंदवून घेतले जाते. नातू वेन्डेलिन, वय दहा, याच्याकडे हवामान. माझी बायको इर्मेला बर्फाच्या डब्याची प्रमुख. सहलीला निघताना त्यात उकडलेली अंडी, काकडीचे काप आणि गावाकडचे सॉसेज भरणे हे तिचे काम. (इटलीत खायला मिळते असे ऐकून आहोत. पण वेळेवर मिळेल याची लेखी हमी कोणी देत नाही.) आणि मी सचिव. सचिवाने इतिवृत्त लिहायचे असते. त्याला मत नसते.

मंडळाची पहिली बैठक नोव्हेंबरात होते आणि अंतिम कार्यक्रम मार्चमध्ये मंजूर होऊन लॅमिनेट होतो. लॅमिनेट करायचे यंत्र आम्ही बरोबरच नेतो. कारण कार्यक्रमात बदल झाला तर तो उघड्या कागदावर फिरवणे बरे दिसत नाही. गाडीत त्याची जागा ठरलेली आहे: स्टेपनी आणि गावाकडच्या पावाच्या मधोमध.

आता वर्गवारी सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर आहे. ज्या ठिकाणी जायला आगाऊ तिकीट काढावे लागते, ती ठिकाणे 'अ' वर्गात. जिथे नऊच्या आत पोचावे लागते, ती 'ब' वर्गात. (नऊच्या आत का, तर नऊनंतर गर्दी होते. ही गर्दी नऊच्या आत पोचू न शकलेल्यांची असते.) जी हवेवर अवलंबून, ती 'क'. आणि ज्यांना यातले काहीच लागत नाही, म्हणजे ना तिकीट, ना घाई, ना ऊन, ती 'ड' वर्गात. 'ड' वर्गाचे पूर्ण नाव 'केव्हाही जाता येण्याजोगी ठिकाणे' असे आहे. नियम सात म्हणतो की, 'ड' वर्गातील ठिकाण त्या दिवशी घ्यावे ज्या दिवशी अ, ब, क यांपैकी काहीही शिल्लक नसेल. आणि असा दिवस आढळल्यास नियोजनात कसूर झाली असे समजून पुढील वर्षी एक सहल वाढवावी.

आकडे बोलके आहेत. अकरा वर्षांत सरोवरावर घालवलेले दिवस एकशे चोपन्न. पैकी येण्याजाण्यात बावीस. राखीव दिवस अकरा. हे अकराही दिवस उरलेल्या दिवसांचा कार्यक्रम दुरुस्त करण्यात सत्कारणी लागले. बाकी एकशे एकवीस. अ वर्ग: बावन्न. ब वर्ग: एकेचाळीस. क वर्ग: अठ्ठावीस. ड वर्ग: शून्य.

ड वर्गात एकूण चारच नोंदी आहेत, खालून वर अशा: आमच्या भाड्याच्या घराची गॅलरी, त्या घराखालचे आइस्क्रीमचे दुकान, सरोवर स्वतः (मुले पोहतात, नाही असे नाही; पण ती ब वर्गाच्या किनाऱ्यावर, एकोणचाळीस किलोमीटरवर), आणि लिमोने.

आमचे घर मालचेझिनेला, पूर्वेच्या काठावर. लिमोने समोरच्या काठावर. गॅलरीतून दिसते. बोटीने वीस मिनिटे. बोटी दिवसभर असतात, आणि त्यांच्या वेळा धक्क्यावर हातभर उंचीच्या आकड्यांत रंगवलेल्या आहेत. थोडक्यात, नियोजनाच्या दृष्टीने त्या जागेत काही अर्थ नव्हता.

फक्त तिथे रोझेत्ता राहत होती.

रोझेत्ता आणि इर्मेला आमच्या गावातल्या बनियनच्या कारखान्यात अकरा वर्षे शेजारशेजारच्या यंत्रांवर होत्या. रोझेत्ता इटलीहून आली तेव्हा वीस-बावीसची होती आणि तिला आमच्या भाषेतले दोनच शब्द येत होते, 'हो' आणि 'उद्या'. इर्मेलाने तिला उरलेले शिकवले, त्यातले निम्मे सभ्य होते. पुढे रोझेत्ताचे वडील गेले आणि घर, लिंबाची बाग सांभाळायला ती परतली. शेवटची भेट एकोणीस वर्षांपूर्वी, ती आमच्याकडे आली होती तेव्हाची. आता तिच्या कमरेत धातूचा सांधा आहे आणि तिच्या दारापासून धक्क्यापर्यंत एकशे अठरा पायऱ्या. त्यामुळे ती खाली उतरत नाही. दर रविवारी फोन. सुट्टीसाठी गार्डा सरोवर निवडावे ही सूचना अकरा वर्षांपूर्वी इर्मेलानेच केली होती. कारण विचारल्यावर ती म्हणाली होती, "तिथे रोझेत्ता आहे ना." मंडळाने कारण ग्राह्य धरले. मग कार्यक्रम आखायला घेतला.

इर्मेला एकटीच बोटीत बसून का गेली नाही, असे कोणी विचारील. सहल सहकुटुंबच झाली पाहिजे, हे मंडळाचे पहिले कलम आहे. शिवाय ती गेली असती तर अंडी कोणी उकडायची?

(सचिव म्हणून प्रामाणिकपणे नोंदवतो: या अकरा वर्षांत मीही तिला 'चल' म्हटलेले नाही. मला मत नव्हते.)

या वर्षी आम्ही पोचलो त्याच संध्याकाळी रोझेत्ताचा फोन आला. घर विकले. पुढच्या शनिवारच्या पुढच्या शनिवारी ट्रक येणार, आणि ती तुरीनला मुलाकडे राहायला जाणार. आमचाही निघायचा दिवस तोच.

"चौथा मजला," रोझेत्ता म्हणाली. फोनवर ती इतक्या मोठ्याने बोलते की इर्मेला फोन कानापासून वीतभर लांब धरते आणि सगळ्या घराला ऐकू जाते. "लिफ्ट आहे. बाल्कनी आहे. समोर दुसरी बाल्कनी आहे. तळं नाही. तू येणारेस की नाही?"

"येणार गं."

"असं तू कधीपासून म्हणतेयस?"

"या वेळेला नक्की."

"अगं, मी पाठीवर पेटी बांधून इथून तुमच्या गावाला दीड दिवसात पोचले होते. भाषा येत नव्हती, रस्ता माहीत नव्हता, आणि गाडीत एका माणसाने माझा डबाही खाल्ला. तुला हे एवढं डबकं ओलांडता येईना?"

इर्मेलाने फोन ठेवला आणि त्याच रात्रीच्या जेवणात विषय मांडला.

"आई, लिमोने ना?" व्होल्कमार तत्परतेने म्हणाला. "ते तर समोरच आहे. केव्हाही जाऊ."

"केव्हाही म्हणजे केव्हा?"

"केव्हाही म्हणजे..." त्याने लॅमिनेट केलेला कार्यक्रम उलटापालटा करून पाहिला. "हे बघा. ड वर्ग. अगदी पहिल्या नंबरावर आहे."

"अकरा वर्षं पहिल्या नंबरावर आहे रे बाळा."

"मग! प्राधान्य बघा किती दिलंय!"

"पण ती जाणार आहे, व्होल्कमार. कायमची."

व्होल्कमार हळवा माणूस आहे. त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी आले. त्याने पेन काढले आणि ड वर्गातल्या पहिल्या नोंदीखाली ओळ मारली. मग तेवढे पान पुन्हा लॅमिनेट केले.

पहिले पाच दिवस कार्यक्रमाप्रमाणे पार पडले. रोपवे झाला (अ). वेरोना झाले (अ). तिथे आम्ही एका प्रसिद्ध चौकात साडेअकरा ते अकरा बावन्न उभे होतो. बुधवारचा बाजार झाला (ब). आम्ही इतक्या वेळेवर पोचलो की बाजार अजून यायचा होता. रोज संध्याकाळी साडेसहाला फोन वाजायचा.

"आज कुठे?"

"एक किल्ला होता."

"किल्ला काय म्हणाला?"

"काय म्हणणार."

"मी बोलते तरी," रोझेत्ता म्हणायची. "बदामाचा केक केला होता. शेजारणीला दिला. मला ती आवडत नाही."

सहाव्या दिवशी इर्मेला गॅलरीत अंडी सोलत बसली होती आणि समोर बघत होती. सोललेले अंडे तिने टरफलांत टाकले आणि टरफल डब्यात. मी तिच्याकडे पाहिले आणि मला माझ्या नोकरीची आठवण झाली.

मी पस्तीस वर्षे जमीन नोंदणी कार्यालयात काढली. तिथे मी एकच गोष्ट शिकलो: सोपी फाइल कधी हलत नाही. जिच्यात काही अडचणच नाही, तिच्यावर सही करून कोणाला काय मोठेपणा मिळणार? ती टेबलावर सगळ्यात वर असते, रोज दिसते, आणि तिच्यावर चहाचा कप ठेवला जातो. हलते ती अवघड फाइल. म्हणून एखाद्या गरीब माणसाचे काम व्हावे असे मनापासून वाटले तर आम्ही त्याच्या फाइलीत एखादी त्रुटी काढत असू.

"इर्मेला," मी म्हणालो, "लिमोनेला जाणं फार सोपं आहे. तिथंच घोडं पेंड खातंय."

"मग काय करू, तळं रुंद करू?"

"अर्ज कर. पण अडचणी घालून."

तिने हातातले अंडे बाजूला ठेवले. मग हळूच म्हणाली, "ऑइगेन, पायऱ्या आहेत ना एकशे अठरा."

"त्या घाल. अजून?"

"केक साडेअकरापर्यंतच चांगला लागतो. मग कडक होतो."

"उत्तम. बोटीत?"

"बोटीत डाव्या बाजूला बसलं तर ऊन लागतं." तिचा चेहरा उजळायला लागला. "आणि येताना उजव्या! आणि रोझेत्ताच्या गच्चीवर खुर्च्या चारच आहेत. आपण सहा जण. ती सातवी."

"शाब्बास," मी म्हणालो. कारकुनी रक्तात असावी लागते. पण संसारात ती एकमेकांची एकमेकांना लागते, हेही खरे.

त्या रात्री अर्ज मंडळापुढे आला. व्होल्कमार वाचत गेला तसतसा ताठ बसत गेला.

"पायऱ्या एकशे अठरा?" तो म्हणाला. "आई, हे आधी का नाही सांगितलंत? आणि खुर्च्यांचा तर प्रश्नच आहे! फ्रीडरून, हे वाचलंस का? हे ड मध्ये कसं काय ठेवलं आपण?"

"तूच ठेवलंस."

"चूक झाली," व्होल्कमार म्हणाला. आपली चूक इतक्या उमदेपणाने मान्य करणारे अधिकारी आता राहिले नाहीत. लिमोनेला एकमताने 'अ' वर्गात बढती मिळाली. (थेआ: "मला काय त्याचं." नोंदले.) तारीख ठरली बारावा दिवस, गुरुवार. इर्मेलाने रोझेत्ताला फोन केला. मग रोझेत्ता म्हणाली, "बदाम भिजवते," आणि हे तिने चक्क हळू आवाजात म्हटले.

मात्र अ वर्गाची सहल म्हटली की पूर्वपाहणी आली.

आठव्या दिवशी व्होल्कमार स्वतः बोटीने लिमोनेला जाऊन आला. कंबरेला पाण्याची बाटली, हातात पुठ्ठ्यावर चिमट्याने अडकवलेला कागद. तो सकाळी गेला आणि दुपारी परतला. अहवाल अनुकूल होता. केक साडेअकरालाच नव्हे तर पावणेबारालाही चांगला असल्याचे त्याने प्रत्यक्ष तपासले होते. फक्त पायऱ्या एकशे एकवीस भरल्या.

"तीनचा फरक," तो म्हणाला. "असं कसं चालेल?"

म्हणून नवव्या दिवशी थेआ आणि वेन्डेलिन फेरमोजणीला गेली. पायऱ्या एकशे अठराच होत्या. वरच्या तीन रोझेत्ताच्या घराच्या, म्हणजे खासगी. पोरे तिथेच जेवली, तिच्या घराखालच्या दगडांवरून सरोवरात उड्या मारल्या, आणि हवामानाचे निरीक्षणही केले. थेआ परत आली ती वेगळीच. "आजी," ती म्हणाली, "तू कारखान्यात संप केला होतास? आणि साहेबाच्या टोपीत विणकामाच्या सुया खोचल्या होत्यास?"

"असं कोण म्हणालं?"

"रोझेत्ता. तिनं करून दाखवलं."

दहाव्या दिवशी फ्रीडरून स्वच्छतागृह बघायला गेली आणि चार तास बघत होती.

त्या संध्याकाळी फोन.

"जावई गोड आहे तुझा. तीन तुकडे खाल्ले, प्रत्येकानंतर काहीतरी लिहून घेतलं. पोरं तर काय, माझीच. मुलगी तुझ्यासारखी हसते. तुमच्या घरातलं सगळं बघून झालं माझं, इर्मेला. एक सोडून."

"गुरुवारी गं."

"ऑइगेन आला तरी चालेल. पण आधी तू ये."

इर्मेलाने गुरुवारसाठी निळा फ्रॉक इस्त्री करून ठेवला. एकदा बुधवारी दुपारी तिने तो नुसताच घालून पाहिला आणि परत इस्त्री केला.

गुरुवारी पाऊस आला.

फार नाही; आपल्या माणसाला निरोप देताना डोळे पुसावेत तेवढा, थांबून थांबून. बोटी चालू होत्या. पण वेन्डेलिनने पूर्वपाहणीत केलेल्या निरीक्षणांमुळे अर्जात हवामानाचे कलम वाढले होते, आणि कलम स्पष्ट होते: पायऱ्या ओल्या असल्यास सहल स्थगित. आठ वाजता तातडीची बैठक झाली.

"मला फार वाईट वाटतंय, आई," व्होल्कमार म्हणाला, आणि ते खरेच होते. "पण एकशे अठरा पायऱ्या, त्यात ओल्या. तुमच्याच अर्जात लिहिलंय."

"उद्या?" इर्मेला म्हणाली.

"उद्या राखीव दिवस. सामान भरायचं, आणि यंदाचा कार्यक्रम कुठं चुकला ते बघायचं."

"तेच तर बघायचंय."

"पुढच्या वर्षी सगळ्यात आधी हेच घेऊ. अगदी पहिल्या नंबरावर."

"पुढच्या वर्षी ती तिथे नसेल रे."

व्होल्कमारने कार्यक्रमाच्या कडेवरून अंगठा फिरवला. लॅमिनेट केलेल्या कागदाची कड बोटाला कापते, हे फार थोड्यांना माहीत असते.

इर्मेला उठली. बर्फाचा डबा उघडून आत पाहिले, बंद केला. मग म्हणाली, "लिंबं आहेत का?"

"लिंबं कशाला?" फ्रीडरूनने विचारले.

"असावीत घरात. घेऊन येते."

किरकोळ खरेदीला मंडळाची मंजुरी लागत नाही. नियम चौदा. तिने रेनकोट घातला. त्याच्या खालून निळ्या फ्रॉकची पट्टी दिसत होती. दारापर्यंत मी गेलो.

"छत्री?"

"एकच आहे ना? राहू दे. बैठकीत लागेल."

ती जिना उतरून गेली. गॅलरीतून मी पाहिले. भाजीचे दुकान उजवीकडे आहे. इर्मेला डावीकडे वळली, धक्क्याच्या बाजूला, आणि मागे न बघता चालत राहिली. घाईने नव्हे, पण यंत्रावरची पाळी बदलताना कामगार चालतात तशी. सचिवाने पाहिले. सचिवाने इतिवृत्तात लिहिले नाही. सचिवपदाच्या अकरा वर्षांत मी बजावलेले हे एकमेव कर्तव्य.

सव्वा तासाने मंडळ अस्वस्थ झाले.

"लिंबं आणायला इतका वेळ?" फ्रीडरून म्हणाली.

"आईंकडे कार्यक्रमाची प्रतही नाहीये!" व्होल्कमार म्हणाला.

पार्किंगमध्ये कधी जागा होते हे वरूनच कळावे म्हणून व्होल्कमारने गॅलरीत तिपाईवर मोठी दुर्बीण बसवली आहे. थेआने ती सरोवराकडे फिरवली. पाऊस तेवढ्यापुरता उघडला होता.

"दिसली," ती म्हणाली. "पिवळ्या घराच्या गच्चीवर."



"काय करतायत आई?" व्होल्कमारने विचारले.

"बसलीय."

"नुसती?"

"दोघी बसल्यात. हसतायत बहुतेक. खांदे हलतायत."

"ऊन लागतंय का?" फ्रीडरूनला दुसरे काही सुचेना.

"मम्मा, पाऊस पडतोय. परत सुरू झाला. त्यांनी टेबलावरचं कापड काढून डोक्यावर घेतलंय. आत जातच नाहीयेत."

"पण परतीची बोट!" व्होल्कमार कळवळून म्हणाला. "आईंना परतीच्या बोटीची वेळ माहीत नाही!"

"बाबा," थेआ दुर्बिणीवरून डोळा न काढता म्हणाली, "तू ना, जरा गप्प बस." युवा प्रतिनिधीने मंडळापुढे प्रथमच मत व्यक्त केले. मी ते नोंदवून घेतले.

इर्मेला शेवटच्या बोटीने आली, साडेसहाला. केस ओले, गुडघ्याला खरचटलेले (पायरी पंच्याण्णव, घसरडी, कलम चुकीचे नव्हते), हातात कापडी पिशवी, पिशवीत तेरा लिंबे.

"काय बोललात एवढं?" फ्रीडरूनने विचारले.

"काही नाही."

"दिवसभर?"

"काही ठरवलं नव्हतं ना," इर्मेला म्हणाली, "म्हणून वेळ लागला."

आणि गुडघा धुवायला गेली. त्या संध्याकाळी साडेसहाचा फोन वाजला नाही. तो वाजण्याची कोणी वाटही पाहिली नाही.

नोंदीचा प्रश्न उरला. व्होल्कमार रात्री बराच वेळ कार्यक्रम घेऊन बसला होता. अ वर्गाची सहल सहकुटुंब झाली नाही, म्हणजे झाली असे म्हणता येत नाही. ड वर्गात घालावी तर ती त्या वर्गातून बढती मिळून बाहेर पडलेली. आणि जिचे नियोजन नव्हते ती सहल पार पडली असे लिहिले, तर अकरा वर्षांच्या तक्त्याला काय उत्तर द्यायचे? शेवटी त्याने मला सांगितले ते मी अक्षरशः लिहिले: 'गुरुवार. लिंबू खरेदी. विलंबाने पूर्ण.' मग तो उठला आणि इर्मेलाच्या गुडघ्याला लावायला स्वतः मलम घेऊन गेला. माणूस उत्तम आहे, हे मी आधीच सांगितले आहे.

शनिवारी आम्ही पहाटेच निघालो, ट्रक यायच्या आधी. आता इर्मेलाला तुरीनला जायचे आहे. मंडळाने तिला दोनदा विचारले की कोणत्या महिन्यात, रेल्वेने की गाडीने, आणि त्या चौथ्या मजल्यावर खुर्च्या किती. ती नुसती 'बघू' म्हणते. तिने एक छोटी बॅग दाराशी भरून ठेवली आहे, आणि पुढच्या वर्षीची अंडी कशी उकडायची ते तिने वेन्डेलिनला शिकवायला घेतले आहे. मंडळात चिंतेचे वातावरण आहे.

एव्हाना तुम्हालाही कोणाची तरी आठवण झाली असेल. फार लांबची नाही, वीस-पंचवीस मिनिटांवरची. आणि वाचता वाचता, 'आता मात्र एकदा जाऊन यायचंच', असे तुम्ही मनाशी पक्के ठरवलेही असेल. अभिनंदन. आमच्याकडेही सगळे ठरवण्यापासूनच सुरू झाले होते. सभासदांच्या यादीत तुमचे नाव मी घालून टाकले आहे. उठायची गरज नाही. सभासदत्व बसल्या जागेवरून चालते.